जैसलमेर तिथेच का वसलं? आधी गढी, मग जकात, आणि पाणी सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आलाय की, "जैसलमेरला जाऊन आलो, किल्ला बघितला, फोटो काढले, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतक्या ओसाड जागी, जिथे धड प्यायला पाणी नाही, तिथे राजधानी करायची बुद्धी कुणाला का व्हावी? गाईडने श्रीकृष्णाच्या विहिरीची गोष्ट सांगितली, ती खरी धरायची का?"

मी वीस-बावीस वर्षं पुण्याहून ग्रुप घेऊन राजस्थानला जातोय, आणि त्याआधी जिओलॉजी शिकलोय (नोकरी लागली नाही म्हणून टूर लाइनला आलो, तो विषय वेगळा), त्यामुळे हा प्रश्न मी दर डिसेंबरात किमान दहा वेळा ऐकतो आणि दर वेळी बसमध्ये पाच मिनिटांत उरकतो. इथे जरा सविस्तर लिहितो. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या डोक्यातली एक गडबड काढतो. आपण सह्याद्रीतली माणसं, गड म्हटलं की टाकं आधी शोधतो. आज्ञापत्रात अमात्यांनीही तेच सांगून ठेवलंय की आधी पाणी बघा आणि मग किल्ला बांधा. त्या हिशोबाने जैसलमेर सपशेल नापास. वर्षाला दोनशे मिलीमीटरच्या आत पाऊस, म्हणजे आपल्या पुण्यात सातशेच्या वर पडतो तरी आपण उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावतो, त्यावरून अंदाज घ्या. पण जैसल नावाच्या माणसाने जेव्हा ती टेकडी निवडली तेव्हा तो "शहर" वसवत नव्हताच. तो जीव वाचवायला आणि गादी टिकवायला एक गढी बांधत होता. शहर नंतर झालं, आणि पाण्याची खरी सोय तर त्याच्या कितीतरी पिढ्यांनी केली. हे पावणेदोनशे-दोनशे वर्षांचं अंतर आपण विसरतो आणि सगळं एकाच दिवशी घडल्यासारखं बघतो, म्हणून ते वेडेपणाचं वाटतं.

आता मूळ गोष्ट. भाटी हे राजपूत स्वतःला यदुवंशी म्हणवतात, म्हणजे थेट श्रीकृष्णाचा वंश. त्यांच्याकडे एक जुना दोहा आहे ज्यात त्यांच्या राजधान्या मोजल्यात, सुरुवात मथुरेपासून, मधे काशी, प्रागवड, चक्क गजनी, मग भटनेर (आजचं हनुमानगड), पुढे दिगम, दिरावर, लोद्रवा, आणि नववं जैसलमेर. यातली पहिली काही नावं इतिहास म्हणून घेऊ नका, ती घराण्याची प्रतिष्ठा आहे. पण शेवटची तीन-चार खरीखुरी आहेत आणि नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. देरावर (दोह्यातलं दिरावर) आज पाकिस्तानात बहावलपूरच्या बाजूला चोलिस्तानात आहे, लोद्रवा जैसलमेरपासून वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि देरावरच्या आधीचं तनोट, ज्याचं नाव त्या दोह्यात नाही, ते आता बॉर्डरजवळच्या देवीमुळे सगळ्यांना माहीत. म्हणजे हे लोक शतकानुशतकं त्याच वाळवंटात सरकत होते, कधी वायव्येकडचा दाब आला म्हणून तर कधी शेजारचं कुणी कमजोर सापडलं म्हणून. लोद्रवासुद्धा त्यांनी वसवलेलं नाही, ते आधी लोद्र राजपुतांचं होतं, देवराज भाटीने ते घेतलं, आणि "रावळ" ही पदवीही त्याच्यापासून धरतात. जैसलमेर हे या माणसांचं पहिलं घर नव्हे, नववं घर आहे. ज्याने आधी आठ बिऱ्हाडं केलीत तो नववी जागा निवडताना आपल्यासारखा नदीचा काठ शोधत नाही, तो इथून परत उठवलं जाणार नाही ना एवढंच बघतो.

लोद्रवा मात्र चांगली जागा होती बरं का. काक नावाची नदी, म्हणजे पावसाळी ओढाच, पण तिकडे त्याला नदी म्हणतात. सपाट जमीन, व्यापारी, जैन मंदिरं. मूमल-महेंद्रची प्रेमकथा तिथलीच, मूमलची मेडी, म्हणजे माडी, याच काकच्या काठी होती असं सांगतात आणि पडके अवशेष दाखवतात. पण सपाट म्हणजे उघडं. चहूबाजूंनी कुणीही या. एका राजधानीला हे परवडत नाही आणि ते लोद्रव्याला परवडलं नाही.

जैसल हा रावळ दुसाजचा थोरला मुलगा. पण गादी मिळाली धाकट्या सावत्र भावाला, विजयराज लांझाला. विजयराजची सासुरवाडी म्हणजे पाटणचे सोळंकी, त्या काळातलं गुजरातचं सगळ्यात तगडं घराणं. सांगतात की लग्नात सासूने जावयाला टिळा लावताना म्हटलं, बाबा तू आमच्या उत्तरेच्या दाराचा अडसर हो. तेव्हापासून भाट्यांचं बिरुद "उत्तर भड़ किंवाड़ भाटी", उत्तरेच्या दाराची कवाडं. सासूचं सोडा, ती नसेल म्हणाली, पण बिरुदात जे आहे ते भूगोल म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. मुलतान आणि सिंधकडून गुजरातेत उतरायचं तर एक वाट याच दारातून जाते.

विजयराज गेला, त्याचा मुलगा भोजदेव गादीवर आला, आणि आता काका जैसल हातपाय हलवायला लागला. पुतण्याभोवती सोळंकींचा पहारा, त्यामुळे घरातल्या घरात काही जमेना. मग जैसलने बाहेरची मदत घेतली. परंपरा म्हणते की तो घोरच्या सुलतानाला जाऊन मिळाला, लोद्रव्यावर फौज आली, भोजदेव लढताना मेला, शहर लुटलं गेलं आणि जैसल रावळ झाला.

काका, पुतण्या, बाहेरची मदत. मराठी माणसाला याच्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. बसमध्ये इथे हमखास हशा येतो.

पण इथे तारखांचा घोळ आहे. लोककथेत त्या सुलतानाचं नाव शहाबुद्दीन घोरी येतं. आता जैसलमेरची स्थापना धरतात विक्रम संवत १२१२, श्रावण शुद्ध द्वादशी. आणि शहाबुद्दीन घोरीने मुलतान घेतलं ११७५ मध्ये, गुजरातवर गेला ११७८ मध्ये आणि तिथे आबूजवळ सोळंकींकडून मार खाऊन परतला. म्हणजे जैसलमेरच्या स्थापनेच्या वेळी हा घोरी लहान पोरगा असणार. तेव्हा एकतर वर्ष चुकलंय किंवा नाव चुकलंय. माझं मत विचाराल तर नाव. शेकडो वर्षांनी गोष्ट सांगताना भाटांना मधल्या कुठल्यातरी टोळीवाल्या सरदाराचं नाव थोडंच आठवणार, सगळ्यात प्रसिद्ध घोरी कोण तर हा, लावून टाकलं. आपल्याकडे नाही का कुठलंही जुनं हेमाडपंती देऊळ दिसलं की पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मुहणोत नैणसी, ज्याच्या "ख्यात" नावाच्या बखरीवर राजस्थानच्या जुन्या इतिहासाचा बराच डोलारा उभा आहे, तो १७व्या शतकातला जोधपूरचा दिवाण, म्हणजे त्यानेही हे सगळं पाचशे वर्षांनंतर ऐकून लिहिलंय. मोठा माणूस, पण ऐकीव ते ऐकीव.

जाताजाता, काही पुस्तकांत ११५५ आणि काहींत ११५६ का दिसतं तेही सांगतो कारण यावरून लोक गाईडशी भांडतात. संवताचं नवं वर्ष काही ठिकाणी चैत्रात, काही ठिकाणी श्रावणात तर काही ठिकाणी कार्तिकात धरत, त्यामुळे तोच श्रावण इसवी सनात मांडताना एक वर्ष मागेपुढे होतो. भांडू नका. मी ११५६ सांगतो, सरकारी बोर्डावरही तेच असतं.

बरं, गादी तर मिळाली, पण लोद्रवा जळालेलं, आणि वर हा माणूस लोकांच्या नजरेत कसा? पुतण्याला मारवून आलेला. अशा माणसाला दोन गोष्टी लागतात, एक भक्कम जागा आणि दुसरी भक्कम गोष्ट. जागा म्हणजे त्रिकूट टेकडी. गोष्ट म्हणजे ईसाळ नावाचा साधू. तो तिथे एका कुंडाजवळ राहायचा, त्याने जैसलला सांगितलं की पूर्वी श्रीकृष्ण आणि अर्जुन इथे आले होते (काही जण भीम सांगतात), अर्जुनाला तहान लागली, कृष्णाने सुदर्शनचक्र मारून खडकातून पाणी काढलं आणि भविष्य सांगितलं की माझ्या वंशातला एक राजा पुढे इथे राजधानी करेल. ती विहीर किल्ल्यात आजही आहे, जैसलू म्हणतात तिला.

तुम्ही विचारलंत खरी धरायची का. मी तिच्याकडे सातबाऱ्यासारखं बघतो. उतारा कधी काढला, कुणाच्या फायद्यासाठी काढला, ते बघायचं. ज्याचा गादीवरचा हक्क वादात आहे त्याच्या हातात थेट पूर्वजाचा, तोही देवाचा, शब्द आला, की ही जमीन माझ्या वंशासाठी राखून ठेवली आहे. याच्यापुढे पुतण्याचं कोण विचारतो? अशी गोष्ट चारशे वर्षांनी सुचली असेल किंवा त्याच वर्षी, पण ती कुणाची गरज होती हे लपत नाही. आणि गोष्टीच्या पोटात एक खरी माहिती पण आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्या टेकडीवर पाणी लागत होतं! चक्र सोडा, पण वर खोदलं तर विहीर लागते हे कुणालातरी आधीच माहीत होतं, आणि असा वर्षानुवर्षं तिथे राहणारा बैरागी सोडून आणखी कुणाला माहीत असणार? साधू जिथे टिकतो तिथे थोडं का होईना पाणी असतंच, हे तर कुठल्याही ट्रेकरला कळतं.

थोडं पाणी, हे लक्षात ठेवा. गढीला पुरेल इतकं, शहराला पुरेल इतकं नाही.

आता दगडाबद्दल बोलू द्या, हा माझा विषय. सगळे गाईड "यलो सँडस्टोन" म्हणतात. किल्ल्याचा जो प्रसिद्ध पिवळा दगड आहे तो बराचसा चुनखडक आहे, जुरासिक काळातला, समुद्रात तयार झालेला. हो, समुद्र होता तिथे. भिंतीवर हात फिरवत चाललात तर शंखशिंपल्यांचे तुकडे सापडतात, आणि जवळच्या हाबूर गावचा दगड तर जीवाश्मांनी गच्च भरलेला असतो, त्याच्या वाट्या विकतात आणि त्यात दूध घातलं की दही लागतं म्हणून सांगतात (मी लावून बघितलं, लागतं, पण विरजणाशिवाय नाही). शहरापासून सतराएक किलोमीटरवर आकलला १८ कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडं उघड्यावर पडलेली आहेत. आणि भूगर्भशास्त्रात या जैसलमेरच्या खडकांच्या थरांना नावं कुठली दिलीत माहितीये का, फोर्ट, बडाबाग, कुलधर. अख्खी टूर आयटिनररी आहे ती.

या थरांची रचना महत्त्वाची आहे. वरती टणक थर, मधे मातकट मऊ थर, पुन्हा टणक. मऊ थर झिजतात, टणक राहतात, त्यामुळे आजूबाजूचं सगळं वाहून जाऊन मधेच अशी सपाट डोक्याची टेकडी उभी राहते, आसपासच्या जमिनीपासून साधारण ७५ मीटर वर. आपल्या हिशोबाने ही टेकडी पण नाही, पर्वतीपेक्षा फार काही वेगळी नाही. पण तिथे दहा-वीस किलोमीटर सपाट असताना ७५ मीटर म्हणजे राजगड. सांडणी येताना अर्ध्या दिवसाआधी दिसते. आणि बांधायला दगड कुठून आणायचा हा प्रश्नच नाही, पायाखालीच खाण. हा दगड ताजा काढला की तासायला सोपा, चुना न लावता नुसता एकावर एक घट्ट बसवता येतो, आणि ज्या मुलखात पाणी जपून प्यायचं तिथे चुना भिजवायला पाणी लागत नाही हे केवढं मोठं गणित आहे ते बांधकामवाल्यांना विचारा. बुरुजांचं चुन्याशिवायचं ते सुकं बांधकाम नीट बघा पुढच्या वेळी.

नावही सरळ आहे, जैसलचा मेरू, म्हणजे जैसलचा डोंगर. अजमेर, बाडमेर, सगळे त्याच घरातले "मेर". तिथली माणसं मात्र प्रेमाने "जैसाण" म्हणतात. आणि एक म्हण आहे की घोडा लाकडाचा हवा, पाय दगडाचे हवेत, अंगावर लोखंड हवं, तेव्हा कुठे जैसाणला पोचाल. म्हणजे वाळवंट हीच पहिली तटबंदी. शत्रूच्या फौजेला पाणी मिळत नाही ही अडचण नव्हती, तेच तर हवं होतं. लोद्रव्याला जे चुकलं ते इथे दुरुस्त केलं. पुढे अठराव्या शतकात आपले मराठे राजपुतान्यात चौथाई वसूल करत फिरले, जयपूर, जोधपूर, मेवाड कुणाला सोडलं नाही, पण जैसलमेर त्यांच्या तडाख्यातून वाचलं ते या दूरपणामुळेच. एवढा खर्च करून तिकडे जाऊन मिळणार काय.

मग पैसा कुठून यायचा? हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर म्हणजे वाट. सिंध, मुलतान, गुजरात, दिल्ली यांना जोडणारे तांडे या भागातून जायचे. वाळवंटात वाट म्हणजे एक रेघ नसते, पाण्यापासून पाण्यापर्यंतच्या उड्या असतात. म्हणजे ज्याच्या ताब्यात विहिरी त्याच्या ताब्यात वाट. भाट्यांनी तांड्यांना पाणी, मुक्काम आणि संरक्षण द्यायचं आणि त्याबदल्यात जकात घ्यायची, जुन्या कागदात तिला "दाण" म्हणतात. आणि खरं सांगायचं तर न देणाऱ्याला लुटायचंही. संरक्षण देणारे आणि लुटणारे हात तेच असायचे, याला हवं तर राज्यकारभार म्हणा. पिकाऊ जमीन नसलेलं राज्य जकातीवर इतकी शतकं चाललं, ही मला त्या किल्ल्यापेक्षा मोठी करामत वाटते.

जैसल स्वतः फार जगला नाही, नवी राजधानी केल्यावर बारा वर्षांनी गेला असं धरतात. त्याने बहुतेक एखादा दरवाजा, थोडी तटबंदी आणि राहायची जागा एवढंच पाहिलं असेल. काम पुढे नेलं मुलगा शालिवाहनने. आणि गंमत बघा, शालिवाहन धाकटा, थोरला केलण बाजूला सारलेला! ज्या कारणासाठी बापाने एवढं रामायण केलं तेच पुन्हा घरात. केलणला नंतर उतारवयात गादी मिळाली. आज दिसणारे ९९ बुरूज हे काही जैसलचे नाहीत, त्यातले ९२ तर १६३३ ते १६४७ या काळात बांधलेले आहेत. जैन मंदिरं मुख्यतः १५व्या शतकातली, हवेल्या त्याहून कितीतरी नंतरच्या. तेव्हा किल्ल्यात उभं राहून "११५६ चं आहे हे" म्हणताना थोडं जपून.

आता तो काळ घ्या जेव्हा हे सगळं पुसलंच जाणार होतं. गाणाऱ्यांच्या तोंडी "अढाई साका" आहेत, म्हणजे अडीच. साका म्हणजे पुरुषांनी केसरिया करून, म्हणजे केशरी कपडे घालून, मरेपर्यंत लढायला बाहेर पडायचं आणि बायकांनी जौहर. पहिला अलाउद्दीन खिलजीच्या फौजेविरुद्ध. कारण सांगतात ते हेच की भाटी राजपुत्रांनी धान्याचे व्यापारी बनून सिंध-मुलतानकडून दिल्लीला जाणारा खजिना लुटला. वाटेवर जगणाऱ्यांनी एकदा फार मोठा घास घेतला. वेढा कितीतरी वर्षं चालला, रावळ जैतसी वेढ्यातच वारला, मग मूलराज आणि रतनसी लढून पडले. याचं साल काही ठिकाणी १२९४ लिहिलेलं असतं ते जमत नाही कारण अलाउद्दीन सुलतानच झाला १२९६ मध्ये, आणि त्या वर्षी तो आपल्याकडे देवगिरीवर आला होता.

देवगिरीवरून आठवलं. हे मी ग्रुपला नेहमी सांगतो. देवगिरीचे यादवसुद्धा स्वतःला यदुवंशी म्हणवत, हेमाद्रीने त्यांची वंशावळ मथुरा-द्वारकेपर्यंत नेऊन ठेवलीय. आणि पाचव्या भिल्लमाने देवगिरी राजधानी केली ती ११८७ च्या सुमाराला, म्हणजे जैसलमेरनंतर तीसेक वर्षांत. दोन घराणी, एकमेकांशी काही संबंध नाही, दोघांना कृष्णाचा वंश हवा, दोघांनी एकटी उभी टेकडी निवडली, आणि एकाच माणसाच्या फौजेने दोघांना गाठलं. देवगिरीचे यादव संपले, भाटी मात्र १९४७ पर्यंत राहिले. माझ्या मते कारण एकच, देवगिरीभोवती काळी कसदार जमीन होती आणि ती घेण्यासारखी होती. जैसलमेर जिंकून दिल्लीने ठेवायचं काय आणि सैन्याला खायला कोण घालणार? पहिल्या साक्यानंतर किल्ला काही काळ ओसच होता आणि भाटी परत आले. दुसरा साका तुघलकांच्या काळात रावळ दूदाचा. आणि अर्धा १५५० मध्ये, कंदाहारकडून आलेला अमीर अली रावळ लूणकरणचा पाहुणा म्हणून राहत होता, त्याने आमच्या बायकांना राण्यांची भेट घ्यायचीय म्हणून डोल्या आत पाठवल्या आणि डोल्यांतून निघाले शिपाई. जौहरला वेळच नव्हता, बायकांना तलवारीने मारलं, पुरुष लढले, आणि मग भाट्यांची फौज वेळेत येऊन किल्ला वाचला. जौहर झाला नाही म्हणून अर्धा. हा हिशोब ऐकताना हसू येत नाही, पण तो असाच ठेवलाय त्यांनी.

आणि आता शेवटी पाणी. या पडझडीनंतर १४व्या शतकात ज्याने राज्य पुन्हा उभं केलं त्या रावळ घडसीच्या नावावर गडीसर तळं आहे, मूळ नाव घडसीसर. काही जण मूळ तळं जैसलचंच म्हणतात, असेलही छोटंसं काहीतरी, पण शहराला पुरणारं तळं घडसीचं. म्हणजे स्थापनेनंतर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी. माझ्या दृष्टीने जैसलमेर "शहर" म्हणून तेव्हा जन्मलं. लोककथा तर अशी की तळ्याचं काम चालू असतानाच घडसीचा खून झाला आणि राणी विमलाने काम पुरं करून घेतलं. लोक फोटो काढतात छत्र्यांचे, मी म्हणतो तळ्याच्या मागे जिथून पाणी येतं ती बाजू बघा. त्याला आगोर म्हणतात, म्हणजे पाणी गोळा करायचं आंगण. मैलोगणती उघडी, कडक, दगडी जमीन, उतार जपलेला. पुण्यातल्या काळ्या मातीत पाऊस मुरतो, इथल्या कातळावरून तो घरंगळतो, म्हणून इतक्या कमी पावसातही तळं भरायचं. आगोरात चप्पल घालून जायचं नाही, घाण करायची नाही असे नियम होते.

त्यांच्याकडे पाण्याचे तीन प्रकार मानतात. पालर पाणी म्हणजे पडलेलं पावसाचं, पाताळ पाणी म्हणजे खोल विहिरीचं, बहुतेक खारट, आणि मधलं रेजाणी पाणी. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो, पावसाचा ओलावा तिथे अडतो, खाली खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे अरुंद कुई खणायची, कडेने थेंब थेंब पाझरून रात्रभरात दोन-तीन घागरी गोडं पाणी. जिओलॉजीच्या चार वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, एका उंटवाल्याने अर्ध्या तासात शिकवलं. शिवाय खडीन, पालीवाल ब्राह्मणांची पद्धत, उताराच्या खाली मातीचा बांध घालून पाणी अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा. हो, वाळवंटात गहू. कुलधराला, पालीवालांच्या त्या ओसाड गावात, भुतं बघायला जाता ना, भुतं नाहीत, खडीन बघून या.

एवढं सगळं बसल्यावर मग जैन व्यापारी, मंदिरं, ग्रंथभांडार. लोद्रव्याहून पार्श्वनाथांची मूर्ती किल्ल्यात आली. त्या भांडारातली ताडपत्रं कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकली, आणि १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले जर्मन संस्कृत पंडित ब्यूलर, दुसरे जर्मन पंडित याकोबी यांना घेऊन तिथे पोचले तेव्हा त्यांना बिल्हणाचं विक्रमांकदेवचरित सापडलं. म्हणजे काश्मीरच्या कवीने लिहिलेलं कल्याणीच्या चालुक्य राजाचं, ज्याचं राज्य आपल्या महाराष्ट्रात बऱ्याच भागावर होतं, त्याचं चरित्र सापडलं थेट थरच्या वाळवंटात. वाटेवरचं शहर म्हणजे काय ते याच्याहून वेगळं सांगायला नको. आणि वाट संपली तेव्हा शहरही सुकलं, मुंबई बंदर वाढलं, माल समुद्राने जायला लागला, आणि १९४७ ला उरलीसुरली वाट बॉर्डरने बंद केली. मुंबईचे भाटिया व्यापारी, जीटी हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं ते गोकुळदास तेजपाल त्यांच्यातलेच, आपलं मूळ जैसलमेरच्या भाट्यांकडे नेतात, सिंध आणि कच्छमार्गे आलेले. जैसाणचा धंदा खाणाऱ्या शहरात जैसाणचीच माणसं शेठ झाली.

एक शेवटचं, कारण दर वेळी विचारतात की किल्ल्यातच राहू का, मस्त व्ह्यू असतो. नका राहू. मी पूर्वी ग्रुप आत ठेवायचो. एका वर्षी एका हॉटेलात (नाव नाही घेत) आमच्या खोलीची मागची भिंत सकाळी हाताला ओली लागली, पाऊस नाही काही नाही, वरच्या बाथरूमचं पाणी. तो मातकट मऊ थर आठवतोय ना? जैसलने ही टेकडी निवडली ती माणशी घागर-दोन घागरी पाण्याच्या हिशोबावर. पावसाचं पाणी बाहेर काढायला जुन्या लोकांनी घूटनाल्या ठेवल्या होत्या, त्या रोजच्या शॉवरसाठी नव्हत्या. नळाचं पाणी आलं, हॉटेलं आली, गळती सुरू झाली आणि बुरूज ढासळायला लागले. २०१३ मध्ये राजस्थानच्या बाकी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर वर्ल्ड हेरिटेज झाला, पण पाणी मुरायचं ते मुरतंच. त्या दिवसापासून माझे ग्रुप खाली गावात राहतात.

पुन्हा जाणार असाल तर क्रम बदला एवढंच सांगेन. सगळे आधी किल्ला करतात आणि लोद्रवा वेळ उरला तर. तुम्ही सकाळी आधी लोद्रव्याला जा, काकच्या कोरड्या पात्रात उभे राहा, चहूकडे सपाट बघा, आणि मग गाडीत पुढच्या सीटवर बसून जैसलमेरकडे या. टेकडी कुठून दिसायला लागते ते ड्रायव्हरला न विचारता स्वतः शोधा.